मोटारीची काच, पाण्याची टाकी आणि विहाराचा रस्ता

चातुर्मासाची समाप्ती आणि साखर कारखान्यांच्या गाळपाचा आरंभ, या दोन गोष्टी सोलापूर जिल्ह्यात जवळपास एकाच वेळी घडतात. चार महिने एका स्थानी स्थिर असलेले साधू-साध्वी पुन्हा पायी विहार करू लागतात, आणि त्याच आठवड्यांत मोहोळ, माढा, माळशिरस, पंढरपूर, मंगळवेढा या तालुक्यांतील रस्ते उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरून जातात. ट्रॉलीच्या मागे दिवा असेलच याची खात्री नसते. रस्त्याच्या कडेची माती, उडणारे पाचट आणि चाकांखाली भरडलेल्या उसाचा चिकट थर यांचा एक विशिष्ट लेप मागून येणाऱ्या मोटारीच्या काचेवर आणि दिव्यांवर बसतो. ती मोटार पुष्कळदा आपल्याच एखाद्या साधर्मिकाची असते. कुणी कुंथलगिरीला दर्शनासाठी निघालेले असते, कुणी दहीगावला, तर कुणी पुण्याच्या किंवा हैदराबादच्या बाजारात मालाच्या खरेदीसाठी.

विहारमार्गावर साधू-साध्वींना वाहनांची धडक बसल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत देशाच्या अनेक भागांतून आल्या. प्रत्येक बातमीनंतर समाजात हळहळ व्यक्त होते, निवेदने दिली जातात, महामार्गालगत स्वतंत्र पायवाटेची मागणी होते. ठिकठिकाणचे तरुण विहारसेवेत परावर्तक पट्ट्यांची जॅकेटे घालून साधूंच्या पुढेमागे चालतात, हे कौतुकास्पद आहे. मात्र त्या पट्टीचे शास्त्र लक्षात घेतले पाहिजे. तिला स्वतःचा प्रकाश नसतो. मोटारीच्या दिव्याचा जो प्रकाश तिच्यावर पडतो, तोच ती आल्या दिशेने परत पाठवते. दिव्यावर चिखलाचा थर असेल तर पट्टीपर्यंत प्रकाश कमी पोहोचतो, आणि परत आलेला प्रकाशही मळलेल्या काचेतून पाहावा लागतो. जॅकेट घातलेल्याने आपले कर्तव्य पूर्ण केलेले असते. उरलेले अर्धे काम मोटारीच्या बॉनेटखालच्या एका छोट्या प्लास्टिकच्या टाकीवर अवलंबून असते.

या टाकीकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. मोटार घेताना कर्जाचा हप्ता, मायलेज, सीटची आवरणे यांचा बारकाईने विचार होतो. काच धुण्याच्या पाण्याचा विषय निघतो तो वायपरची कळ ओढल्यावर काहीच बाहेर पडले नाही म्हणजे. सोलापूरला तर मोटारीविषयी अधिक जिव्हाळा असावयास हवा. 1882 मध्ये याच शहरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि मुंबईच्या कुर्ल्यात मोटारींचा कारखाना उभा राहिला. काचेवरचा वायपर त्याहून जुना आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या मेरी अँडरसन या महिलेने 1903 मध्ये हाताने फिरवावयाच्या वायपरचे पेटंट घेतले होते. भारतात 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी चालू स्थितीतील वायपर बंधनकारक केला आहे.

यंत्रणा साधी आहे. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला बहुधा ही टाकी दडलेली असते; बॉनेट उघडल्यावर तिचे केवळ तोंड दिसते आणि त्याच्या झाकणावर काच व कारंजे यांचे चिन्ह असते. टाकीच्या बुडाशी बॅटरीवर चालणारा एक छोटा पंप असतो. कळ ओढली की पाणी रबरी नळीतून नोझलपर्यंत चढते, काचेवर फवारा उडतो आणि पाठोपाठ वायपर दोन-तीन फेऱ्या मारतो. शेजारीच कूलंटची टाकी असते आणि घाईत चुकीचे झाकण उघडले जाते. इंजिन तापलेले असताना कूलंटच्या मुख्य झाकणाला हातही लावू नये, उकळते पाणी अंगावर उसळते. वॉशरचा पंप आतल्या पाण्यानेच थंड राहतो. टाकी रिकामी असताना कळ ओढून धरली तर तो जळू शकतो. पाणी भरलेले असले तरी आठ-दहा सेकंदांपेक्षा अधिक काळ कळ ओढून ठेवू नये.

सोलापूरकरांची खरी अडचण पाण्याची. शहराला नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने मिळते, आणि मधल्या दिवसांत अनेक घरे बोअरच्या पाण्यावर चालतात. हे पाणी जड. त्यातील क्षार उन्हात सुकून नोझलच्या बारीक छिद्रात पांढरे खडे धरतात, आणि काचेवर वाळलेल्या थेंबांचे डाग पडतात ते पुसून जात नाहीत. बादलीतले उरलेले पाणी टाकीत ओतण्याची सवय येथे महाग पडते. घरात आरओ यंत्र असेल तर त्यातील शुद्ध पाणी वापरावे. त्याच यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र मुळीच नको, कारण त्यात क्षार अधिक एकवटलेले असतात. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी क्षारविरहित असते. ते स्वच्छ भांड्यात धरून, गाळून वापरता येते. नोझल बुजलेच तर बारीक सुई हलक्या हाताने छिद्रात फिरवावी. न निघाल्यास मेकॅनिककडून नळी सोडवून उलट्या बाजूने हवा मारून घ्यावी. फवारा काचेच्या मध्याच्या किंचित वर पडला पाहिजे, कारण वेगात वाऱ्याच्या दाबाने तो खाली येतो.

येथे जैन श्रावकाला एक प्रश्न पडतो, तो इतरांना सहसा पडत नाही. टाकीतील पाण्यात साबण किंवा रासायनिक द्रव मिसळणे म्हणजे जीवांची विराधना नव्हे काय? अनेक सश्रद्ध घरांत याच कारणास्तव टाकीत निव्वळ पाणी भरले जाते. भावना निर्मळ आहे, परंतु परिणाम उलट होतो. आठवडेच्या आठवडे साचलेल्या कोमट पाण्यात शेवाळ धरते, आणि शास्त्रात शेवाळाची गणना अनंतकायात होते. पाणी गाळल्यानंतरही त्याला काळमर्यादा सांगितली आहे, ती साठवलेल्या पाण्यात जीवोत्पत्ती होते म्हणूनच. दोन महिने टाकीत राहिलेले साधे पाणी ही मर्यादा केव्हाच ओलांडून गेलेले असते आणि नंतरच्या प्रत्येक फवाऱ्यात त्या जीवांचा घात होतो. जीव उत्पन्नच होणार नाहीत अशी व्यवस्था करणे हा यत्नाचाराचा पहिला भाग आहे. या दृष्टीने प्रारंभापासून योग्य प्रमाणात द्रव मिसळलेले, बेताचे भरलेले आणि लवकर संपणारे पाणी हेच कमी हिंसेचे ठरते. अप्कायाचा विचार करणाऱ्याने टाकी काठोकाठ भरण्याची आवश्यकताही नाही. आठवड्याला लागेल तेवढे भरावे आणि प्रवासास निघण्यापूर्वी पाहावे.

आरोग्याची बाजूही हेच सांगते. इंग्लंड आणि वेल्समधील आरोग्य संरक्षण संस्थेच्या संशोधकांनी 2010 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसांचा गंभीर दाह करणाऱ्या लिजिओनेअर्स या आजाराचे रुग्ण त्यांनी तपासले, आणि वॉशरच्या टाकीत द्रव न मिसळता नुसते पाणी वापरणाऱ्या चालकांना धोका अधिक असल्याचे आढळले. समाजात उद्भवणाऱ्या अशा रुग्णांपैकी सुमारे 20 टक्के रुग्णांचा संबंध या कारणाशी असावा असा त्यांचा अंदाज होता. अभ्यासाचा आवाका लहान होता हे खरे, पण त्यामागील कारण समजण्यासारखे आहे. लिजिओनेला हा जिवाणू 20 ते 45 अंश सेल्सिअस तापमानाच्या साचलेल्या पाण्यात वाढतो आणि पाण्याच्या सूक्ष्म तुषारांबरोबर श्वासात जातो. सोलापूरच्या उन्हाळ्यात बॉनेटखालचे पाणी किती कोमट असते हे कुणाला सांगावयास नको. काच धुताना दरवाजाच्या काचा वर घेणे, एवढी सवय तरी लावावीच.

मिसळावयाचा द्रव मोटारीसाठी म्हणून मिळणाराच असावा. प्रमाण बाटलीवर छापलेले असते. भांडी घासण्याचा साबण, शाम्पू, कपड्यांची पावडर यांचा फेस होतो, नळीत गाळ बसतो, आणि काचेवर उरलेली पुसट साय रात्री समोरच्या दिव्यांत चमकू लागते.

दिव्यांच्या काचा म्हणून आपण जे म्हणतो ते आता काच राहिलेले नाही. बहुतेक मोटारींत तो पॉलिकार्बोनेट हा प्लास्टिकचा प्रकार असतो आणि त्यावर उन्हापासून रक्षण करणारा एक पातळ थर दिलेला असतो. सोलापूरच्या उन्हात तो थर काही वर्षांत झिजतो, दिवे पिवळट आणि धुरकट दिसू लागतात. अमेरिकेच्या ट्रिपल-ए या मोटारचालकांच्या संघटनेने 2018 मध्ये केलेल्या चाचणीत, अशा खराब झालेल्या दिव्यांतून नव्याच्या तुलनेत सुमारे 20 टक्केच प्रकाश मिळाला. उरलेला प्रकाश काही अंशी विखुरतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, म्हणजे स्वतःला दिसत नाही आणि दुसऱ्यालाही दिसू देत नाही. टूथपेस्ट चोळण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो. त्याने चार दिवस चकाकी येते, पण उरलेला संरक्षक थरही निघून जातो. बारीक पॉलिश पेपरने पाण्याखाली घासून, पॉलिश करून, वर पुन्हा संरक्षक लेप देणाऱ्याकडूनच हे काम करून घ्यावे. दिव्यांवरची माती कोरड्या फडक्याने पुसणे हे तर सोलापूरकरांचे खास पाप म्हणावे लागेल. येथील टॉवेलची ख्याती मोठी आहे आणि प्रत्येक मोटारीत एखादा जुना टॉवेल असतोच, परंतु त्याच्या फासांत अडकलेला एक खडाही प्लास्टिकवर कायमचा ओरखडा उठवतो. आधी भरपूर ओले करावे, माती भिजू द्यावी, मग मऊ मायक्रोफायबर कापडाने टिपावे. पेट्रोल पंपावर बादलीतले मळके फडके घेऊन कुणी पुढे आल्यास सौजन्याने नको म्हणावे.

दिवे धुणारी स्वतंत्र पिचकारी काही महागड्या मोटारींतच आढळते. ही कल्पना बर्फाळ प्रदेशातून आली. स्वीडनच्या साब कंपनीने 1970 च्या सुमारास दिव्यांना वायपर बसवले होते. युरोपीय नियमांनुसार 2000 ल्युमेनहून अधिक तेजस्वी प्रकाशस्रोत असलेल्या दिव्यांना सफाईची यंत्रणा सक्तीची झाली, कारण मळलेल्या तेजस्वी दिव्याची तिरीप समोरच्याला आंधळे करते. बहुतेक मोटारींत ही पिचकारी दिवे लागलेले असतानाच चालते आणि एका दमात पुष्कळ पाणी घेते. दिवसा दिवे बंद ठेवून काच धुतली तर ते पाणी वाचते. बाकीच्यांसाठी पाण्याची बाटली, मऊ कापड आणि प्रवासात घटकाभर थांबण्याची तयारी पुरेशी आहे.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत भीमा आणि सीना यांच्या काठाने रात्री जाताना कीटकांचे थवे दिव्यांवर आदळतात. शुभ्र, निळसर प्रकाशाकडे ते अधिक ओढले जातात. ज्या कारणाने रात्रिभोजनाचा त्याग सांगितला, म्हणजे अंधारात सूक्ष्म जीव दिसत नाहीत आणि दिव्याभोवती ते गोळा होतात, तेच कारण रात्रीच्या प्रवासालाही लागू पडते. सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचण्याचा नियम अनेक ज्येष्ठ श्रावक आजही पाळतात. व्यापाराच्या धावपळीत ते नेहमी जमत नाही. निदान नदीच्या टापूत वेग कमी करावा, त्याने आदळणाऱ्या जीवांची संख्याही घटते. काचेवर चिकटलेले अवशेष त्याच दिवशी भिजवून काढावेत. वाळल्यावर खरवडावे लागतात.

खर्चाचा हिशेब व्यापारी कुटुंबांना पटण्यासारखा आहे. द्रवाची बाटली, वायपरच्या रबरांची जोडी आणि दोन कापडे, एवढाच वर्षाचा खर्च. येथील उन्हात रबर लवकर कडक होते, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर जोडी बदलावी. कोरड्या काचेवर वायपर फिरवल्याने उठलेले ओरखडे दिवसा दिसत नाहीत, रात्री समोरच्या दिव्यांत ते चांदणीसारखे फुटतात. विम्यात ते मिळेल हा समज चुकीचा. सर्वसमावेशक पॉलिसीत अपघाताने फुटलेल्या काचेवर घसारा कापला जात नाही, प्लास्टिकच्या भागांवर साधारणतः 50 टक्के कापला जातो, आणि झिजेने आलेले ओरखडे किंवा पिवळेपणा यांची भरपाई मुळीच नसते. शिवाय दावा केल्यास विनादावा सवलत जाते ती वेगळीच.

सोलापूर पुण्याच्या आग्नेयेला आहे. त्यामुळे पुण्याहून पहाटे निघून सोलापूरला येणाऱ्याच्या समोर सूर्य उगवतो, आणि दुपारनंतर पुण्याकडे परतताना तोच सूर्य पुन्हा समोर मावळतो. हिवाळ्यात सकाळचा सूर्य आणखी दक्षिणेकडे सरकतो आणि थेट रस्त्यावर येतो. नेमकी हीच वेळ विहाराची असते. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे 22 मीटर कापते. ईर्यासमिती पाळून, पुढची चार हात भूमी पाहत चालणारे साधू त्या अवधीत जेमतेम एक-दोन पावले टाकतात. तिरप्या उन्हात धुळकट काच दुधाळ पडद्यासारखी पांढरी होते आणि पुढचे काही दिसत नाही. सूर्य समोर आलेला असताना पाणी मारले तर क्षणभर आणखी दिसेनासे होते, म्हणून काच निघण्यापूर्वीच धुवावी, आतूनही. डॅशबोर्डच्या तापलेल्या प्लास्टिकमधून निघणाऱ्या वाफेचा एक तेलकट पापुद्रा काचेच्या आतल्या बाजूस जमत असतो आणि तेथपर्यंत कोणताही वॉशर पोहोचत नाही.