मेटच्या भिंतीवरची नावं

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टला सगळे नुसतं ‘मेट’ म्हणतात. सेंट्रल पार्कमधली जमीन आणि इमारत शहराची, आतल्या वस्तू मात्र विश्वस्त मंडळाच्या. १८७० साली स्थापना झाली तेव्हा संस्थेकडे ना छप्पर होतं, ना एकही चित्र. होते ते पैसेवाले आणि त्यांची हौस. विश्वस्तांना पगार मिळत नाही, उलट पैसा त्यांनीच घालावा आणि आणावा अशी अपेक्षा असते. त्यामुळे शब्द चालतो तोही त्यांचाच. बँकर जे. पी. मॉर्गन १९०४ पासून मरेपर्यंत अध्यक्ष होते.

देणगी सहसा अटींसकट येते. रॉबर्ट लेहमन यांचा सुमारे २६०० वस्तूंचा संग्रह असाच आला. तो एकत्र राहावा आणि त्यांच्या घरातल्या खोल्याही संग्रहालयात तशाच उभ्या कराव्यात, असं ठरलं. १९७५ पासून त्याचं दालन वेगळं आहे. जुनी इटालियन चित्रं पाहणाऱ्याला त्यामुळे आजही दोन ठिकाणी फिरावं लागतं. इतका संग्रह लोकांना पाहायला मिळतो, तेव्हा ही अट मला जाचक वाटत नाही. ती उघड आहे, हे महत्त्वाचं.

आर्थर सॅकलर यांचं प्रकरण वेगळं. हे डॉक्टर औषधांच्या जाहिरातींतून गबर झालेले, आणि चिनी कलेचे मोठे संग्राहक. १९६०च्या दशकात त्यांनी मेटशी एक सौदा केला. मेटच्याच मालकीच्या काही चिनी वस्तू त्यांनी जुन्या खरेदीच्या भावाने विकत घेतल्या आणि स्वतःच्या नावाने मेटलाच परत दान केल्या. करसवलत मात्र चालू बाजारभावाने. शिवाय खुद्द संग्रहालयात त्यांना एक कोठार मिळालं, तेही बिनभाड्याचं. त्याचं कुलूप त्यांचं, आतला माणूस त्यांचा, मेटच्या कर्मचाऱ्यांना मज्जाव. कर्मचारी त्याबद्दल आपसात बोलत राहिले. शेवटी १९७८ मध्ये ते छापून आलं आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलनी चौकशी सुरू केली. इतकं करूनही सॅकलर यांनी आपला मोठा संग्रह दिला तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनला.

१९७८ मध्येच इजिप्तहून आलेलं डेंडूरचं देऊळ मेटमध्ये सॅकलर बंधूंच्या नावाच्या दालनात उभं राहिलं. आर्थर १९८७ मध्ये वारले. दुसऱ्या दोन भावांच्या कुटुंबांच्या कंपनीने १९९६ मध्ये ‘ऑक्सिकॉन्टिन’ ही वेदनाशामक गोळी बाजारात आणली. तिच्या व्यसनातून उठलेल्या छायाचित्रकार नॅन गोल्डिन २०१८ च्या मार्चमध्ये साथीदारांसह त्या देवळापाशी आल्या आणि त्यांनी समोरच्या पाण्यात गोळ्यांच्या बाटल्या फेकल्या. सॅकलर हे नाव सात दालनांवरून उतरलं ते २०२१ च्या डिसेंबरमध्ये.

युफ्रोनियॉस या प्राचीन चित्रकाराने रंगवलेल्या ग्रीक कलशाचीही अशीच गोष्ट. त्यात जवळजवळ ४५ लिटर द्रव मावेल. त्यावर ग्रीक पुराणातला योद्धा सार्पेडॉन याचं प्रेत उचलणारे निद्रा आणि मृत्यू हे देव, मध्ये हर्मिस देव, आणि जखमांमधून वाहणारं रक्त. संचालक थॉमस होव्हिंग यांनी १९७२ मध्ये तो दहा लाख डॉलरला घेतला. बेरूतच्या एका संग्राहकाकडे तो आधीपासून होता, असं सांगण्यात आलं. पुढच्याच वर्षी वर्तमानपत्रांनी लिहिलं की तो इटलीत चेर्व्हेतेरीजवळच्या थडग्यातून चोरून खणून काढलेला आहे. मेटने ते मानलं नाही. १९९५ मध्ये एका विक्रेत्याच्या जिनिव्हातल्या गोदामावर छापा पडला, कागदपत्रं आणि फोटो हाती लागले, आणि २००८ मध्ये कलश इटलीला परत गेला.

या दोन्ही वेळी कुजबुज खरी ठरली. संग्रहालयाच्या फायली बंद असल्या की सत्य आधी कर्मचाऱ्यांच्या आणि विक्रेत्यांच्या तोंडी फिरतं. कागदावर यायला त्याला वर्षं लागतात. श्रीमंतांचा पैसा संग्रहालयाने घेऊच नये, असं मी म्हणणार नाही. त्याच्याशिवाय मेट उभंच राहिलं नसतं. खरा दोष लपवाछपवीचा आहे.

हे आपल्यापासून दूरही नाही. २०१९ मध्ये मुंबईच्या नीता अंबानी मेटच्या मानद विश्वस्त झाल्या. २०२३ मधल्या प्राचीन बौद्ध कलेच्या ‘ट्री अँड सर्पंट’ प्रदर्शनाला रिलायन्सने आर्थिक मदत केली. त्याच वर्षी मेटने १५ शिल्पं भारताला परत करण्याचं जाहीर केलं. ती सगळी कधी ना कधी सुभाष कपूर या विक्रेत्याच्या हातून गेलेली होती, आणि तामिळनाडूतल्या न्यायालयाने त्याला मूर्तिचोरीच्या प्रकरणात दोषी ठरवलेलं आहे. वस्तूंचा पूर्वेतिहास शोधण्यासाठी मेटने आता माणसं वाढवली आहेत.

मुलांकडे न्यूयॉर्कला जाणारे वाचक मेटमध्ये जातातच. भारतीय दालनात मूर्तीखालच्या पाटीची शेवटची ओळ जरूर वाचा. मूर्ती कुणी दिली आणि केव्हा, हे तिथे असतं. आधीचे मालक मेटच्या संकेतस्थळावर त्या वस्तूच्या पानावर सापडतात. तिथे मधली वर्षं गायब दिसली, तर संग्रहालयाला पत्र लिहून विचारा.