मासिकातली ती, आरशातली मी

किर्लोस्करवाडीहून १९३० साली 'स्त्री' मासिक निघू लागलं. आज सांगली जिल्ह्यात असलेलं हे गाव तेव्हा औंध संस्थानात होतं. 'स्त्री'चा भर बाईच्या विचारांवर होता, रूपावर नव्हे.

याउलट, फॅशनची गुळगुळीत मासिकं मुख्यतः जाहिरातींवर चालतात. क्रीम खपायचं तर आधी बाईला स्वतःत काहीतरी कमी वाटावं लागतं. १९७५मध्ये आलेल्या 'फेअर अँड लव्हली' क्रीमनं तर गोरेपणाची ही उणीव थेट नावातच घातली. 'फेअर' गेलं ते २०२०मध्ये.

साताऱ्या-सांगलीच्या एखाद्या पार्लरमध्ये हे जवळून दिसतं. मांडीवर मासिक, समोर आरसा. चित्रातल्या बाईवर मऊ प्रकाश सोडलेला, संगणकावर तिच्या त्वचेची छिद्रं पुसलेली, कंबर आत घेतलेली. आरशातल्या मुलीवर मात्र ट्यूबलाइट. तुलना नकळत होते, आणि वारंवार झाली की उन्हानं रापलेला, चांगला निरोगी गालही डागाळलेला वाटू लागतो. त्यात लग्नाच्या बाजारातली 'मुलगी गोरी हवी' ही जुनी अट आहेच. मासिकांनी ती निर्माण केली नाही, पण तिला रंगीत पुरावा पुरवला. याचा मला मनापासून राग येतो. मुलींना निदान एवढं तरी शाळेतच दाखवावं: एकाच चेहऱ्याचे दोन फोटो, दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा.