दिवेलागणीच्या वेळी बंद घर

दिवेलागणीच्या सुमारास बार्देशातील आसगाव अथवा शिवोली गावातून एक फेरी मारावी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस कौलारू जुनी घरे व नवे बंगले दिसतील. परंतु त्यांतील कित्येकांच्या ओसरीवर दिवा दिसणार नाही. फाटकास कुलूप असते व घरमालक मुंबईस किंवा दिल्लीस. नाताळात किंवा सुटीत तो चार दिवस येतो. अशा घरास 'दुसरे घर' म्हणतात. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील सुमारे दर पाचांपैकी एक घर रिकामे आढळले होते.

यात सर्व दोष परक्यांचा नव्हे. पोटापाण्यासाठी परदेशी गेलेल्या आपल्या बांधवांची घरेही त्यांत आहेत. शिवाय गोव्याच्या दिवाणी कायद्यानुसार वडिलोपार्जित मिळकतीत मुलगे व मुली यांचा समान वाटा असतो. वारसांचे एकमत होईपर्यंत घर पडून राहते.

दुसऱ्या घरामुळे गावाचे थोडे हितही होते. पडझडीस आलेली वास्तू सावरते; गवंडी, सुतार, माळी यांस काम मिळते. मग बिघडते कोठे? जमीन वाढत नाही, आणि तिची किंमत गावच्या मिळकतीवर न ठरता महानगरातील मिळकतीवर ठरू लागते. त्यामुळे रेंदेर, मच्छीमार किंवा नवविवाहित जोडपे यांस स्वतःच्याच गावात जागा परवडत नाही. बंद घरापुढे पदेराची सायकल थांबत नाही; वाण्याच्या दुकानात त्या घरचे खाते नसते. भाड्याचे घर विकले गेले म्हणून वर्षाच्या मध्यास शाळा सोडल्याचा दाखला मागावयास आलेले पालक मी पाहिले आहेत. त्या घरातून पुन्हा हजेरीपटावर नाव आले नाही.

हा प्रश्न इतर देशांतही आहे. स्वित्झर्लंडने ११ मार्च २०१२ रोजी सार्वमत घेऊन कोणत्याही गावात दुसरी घरे २० टक्क्यांहून अधिक नसावीत, असे ठरविले. इंग्लंडमधील सेंट आइव्ह्ज या समुद्रकाठच्या गावाने २०१६ साली नवी घरे कायम राहणाऱ्यांसाठीच राखली. तेव्हा बाहेरचे गिऱ्हाईक जुन्या घरांकडे वळले. वेल्समध्ये एप्रिल २०२३ पासून स्थानिक संस्थांस अशा घरांवर मूळ घरपट्टीच्या तिपटीपर्यंत जादा कर बसविता येतो. म्हणजे नव्या घरांवरील निर्बंध एकटा पुरत नाही. जुन्या घरांचाही विचार करावा लागतो.

उद्या तुमच्यापैकी अनेकांच्या हाती वडिलार्जित घराची किल्ली येईल. घर विकणे हा गुन्हा नव्हे. परंतु विकण्यापूर्वी किंवा कुलूप लावण्यापूर्वी, गावात राहू इच्छिणाऱ्या एखाद्या कुटुंबास ते भाड्याने देता येईल काय, एवढे भावंडांनी एकत्र बसून अवश्य पाहावे. आणि ग्रामसभेत या विषयाची चर्चा निघेल तेव्हा घरी बसू नये.