चेंडू डोक्याला लागतो तेव्हा

श्रोतेहो, ३१ जानेवारी २०२५ ची रात्र आठवा. पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यात ट्वेंटी-२० सामना सुरू होता. आपल्या मुंबईच्या शिवम दुबेनं ५३ धावा केल्या होत्या. शेवटच्या षटकात जेमी ओव्हर्टनचा एक उसळता चेंडू त्याच्या हेल्मेटवर आदळला. दुबेनं डाव पुरा केला, पण नंतर तो क्षेत्ररक्षणाला आलाच नाही. त्याच्या जागी हर्षित राणा हा वेगवान गोलंदाज आला, त्यानं तीन बळी घेतले आणि भारतानं सामना १५ धावांनी जिंकला.

मग वादाला तोंड फुटलं. फलंदाजी हे ज्याचं मुख्य काम, त्याच्या जागी निव्वळ गोलंदाज कसा चालतो, असा इंग्लंडचा कर्णधार जोस बटलरचा सवाल होता. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण दुबेच्या जागी कोण आलं यावर चार दिवस चर्चा झाली आणि दुबेला बाहेर का बसवलं यावर फारसं कुणी बोललं नाही. मला आज त्याविषयी बोलायचं आहे.

त्यासाठी थोडं मागं जाऊ. मार्च १९६२. भारतीय संघ वेस्ट इंडीजमध्ये होता. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्याला लागला. तेव्हा हेल्मेट नव्हतं. कवटीला तडा गेला, रक्तस्राव झाला, शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त द्यायला वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल स्वतः पुढं आला. आपल्या संघातून पॉली उम्रीगर, चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी यांनी रक्त दिलं. हे बापू म्हणजे लागोपाठ निर्धाव षटकं टाकण्यासाठी प्रसिद्ध असलेले, नाशिकमध्ये जन्मलेले बापू. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पुढं प्रथम श्रेणीचं क्रिकेटही खेळले, पण कसोटी सामना त्यांना पुन्हा मिळाला नाही. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं २८.

आता प्रश्न असा, की अशा चेंडूबद्दल गोलंदाजाला शिक्षा काय?

फुटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यात जाणूनबुजून कोपर मारलं, तर लाल कार्ड मिळतं आणि खेळाडू मैदानाबाहेर जातो. अमेरिकन फुटबॉलमध्ये हेल्मेटनं धडक दिली, तर त्या संघाला १५ यार्डांचा दंड होतो. तिथं डोक्यावरचा आघात हाच गुन्हा आहे. क्रिकेटचं तसं नाही. सुमारे १६० ग्रॅम वजनाचा टणक चेंडू फलंदाजाच्या डोक्याच्या उंचीवर टाकणं हे क्रिकेटमध्ये गोलंदाजाचं मान्य हत्यार आहे. नियम फक्त त्याला आवर घालतो.

हा आवर दोन प्रकारचा आहे. पहिला बाउन्सरला, म्हणजे टप्पा पडून खांद्याच्या वर उसळणाऱ्या चेंडूला. १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनं एका षटकात एका फलंदाजाला एकच बाउन्सर असं बंधन घातलं, १९९४ मध्ये षटकाला दोनची मुभा दिली. आज कसोटीत आणि एकदिवसीय सामन्यात षटकाला दोन, आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० मध्ये एक अशी मर्यादा आहे. आयपीएलमध्ये २०२४ पासून दोन चालतात. मर्यादा ओलांडली की नो-बॉल. दुसरा आवर बीमरला, म्हणजे टप्पा न पडता थेट कमरेच्या वर येणाऱ्या चेंडूला. तो नो-बॉल असतोच, शिवाय पंचांना तो धोकादायक वाटला तर पहिल्या वेळी ताकीद मिळते आणि दुसऱ्या वेळी त्या डावापुरती गोलंदाजी बंद होते. फलंदाज तळाचा असेल, त्याला उसळते चेंडू झेपत नसतील, तर मर्यादेच्या आतले बाउन्सरही पंच धोकादायक ठरवू शकतात.

नियम चांगले आहेत, पण त्यांनी डोकं वाचतंच असं नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनीत फिल ह्यूज या ऑस्ट्रेलियन फलंदाजाच्या मानेवर, हेल्मेटच्या खाली, चेंडू लागला आणि दोन दिवसांनी तो गेला. वय २५. तो चेंडू नियमात बसणारा होता. पुढं रीतसर चौकशी झाली, तेव्हा दोष कुणालाच देता आला नाही. म्हणजे गोलंदाजाला कितीही ताकीद द्या, नियमात बसणारा चेंडूही जीव घेऊ शकतो. म्हणून दुसऱ्या तऱ्हेचा नियम लागतो. हा नियम शिक्षेचा नाही, ज्याला लागलं आहे त्याला सांभाळण्याचा आहे.

डोक्याला जोराचा मार बसला, की कवटीच्या आत मेंदूला हादरा बसतो. त्याला 'कन्कशन' म्हणतात. बाहेर जखम दिसत नाही, शुद्धही हरपतेच असं नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, माणूस तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. ही लक्षणं कधी लगेच दिसतात, तर कधी काही तासांनी. पहिला हादरा ओसरण्याआधी दुसरा बसला तर धोका फार वाढतो. अडचण अशी, की ज्या मेंदूला मार लागला आहे, त्याच मेंदूला आपण विचारतो, 'खेळशील ना?' आणि उत्तर बहुतेक वेळा 'हो' असंच येतं.

जानेवारी १९८१ मध्ये सिडनी कसोटीत संदीप पाटील ६५ धावांवर असताना लेन पास्कोचा चेंडू त्यांच्या कानावर बसला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ते कोसळले, त्यांना बाहेर न्यावं लागलं. तरी त्याच कसोटीच्या दुसऱ्या डावात ते फलंदाजीला उतरले आणि पुढच्या अॅडलेड कसोटीत त्यांनी १७४ धावा ठोकल्या. ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. त्या खेळीला सलाम करायलाच हवा. पण त्या दुसऱ्या डावात आणखी एक चेंडू लागला असता तर? तेव्हाच्या नियमात त्यांच्या जागी दुसऱ्याला फलंदाजी देण्याची सोयच नव्हती. बदली खेळाडू फक्त क्षेत्ररक्षण करू शकत असे. आपण बसलो तर संघ एका फलंदाजानं कमी होणार, हे ठाऊक असताना कोण बसेल?

ही कोंडी १ ऑगस्ट २०१९ रोजी सुटली. डोक्याला मार लागलेल्याच्या जागी फलंदाजी आणि गोलंदाजीही करू शकेल असा बदली खेळाडू घेता येऊ लागला. तो शक्यतो तशाच कामाचा असावा, आणि त्याला मान्यता सामनाधिकारी देतो. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर जोफ्रा आर्चरचा चेंडू लागला. स्मिथ बाहेर गेला, पाऊण तासानं परत येऊन खेळला, ९२ वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याला त्रास जाणवू लागला आणि मार्नस लाबुशेन हा कसोटी क्रिकेटमधला असा पहिला बदली खेळाडू ठरला. लागल्याबरोबर केलेली तपासणी पुरेशी नसते, हा धडा त्यातून मिळाला.

पुण्याच्या वादानंतर, २०२५ च्या मध्यावर, नियम आणखी घट्ट झाले. आता प्रत्येक संघानं सामन्याआधीच पाच बदली खेळाडूंची नावं द्यायची: एक यष्टिरक्षक, एक फलंदाज, एक वेगवान गोलंदाज, एक फिरकी गोलंदाज आणि एक अष्टपैलू. आणि कन्कशनचं निदान झालं, तर त्या खेळाडूनं किमान सात दिवस खेळायचं नाही.

पण श्रोतेहो, हे सगळं मोठ्या मैदानावरचं झालं. आपल्या गोल्फ क्लब मैदानावर किंवा कॉलनीतल्या मोकळ्या जागेत सीझन बॉलनं खेळणाऱ्या मुलामुलींजवळ ना सामनाधिकारी असतो, ना डॉक्टर. तिथं सात दिवसांचा नियम कोण लावणार?

१९९८ मध्ये ढाक्यातल्या एका क्लब सामन्यात रमण लांबा हे आपले कसोटीवीर फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेट न घालता उभे राहिले होते. फटका डोक्याला लागला. ते स्वतःच्या पायांनी चालत तंबूत गेले. तीन दिवसांनी त्यांचं निधन झालं. चालत गेले, म्हणजे काही झालं नाही, असं नसतं.

म्हणून डोक्याला चेंडू लागला, की त्या दिवसाचा त्या मुलाचा खेळ संपला, एवढं ठरवून टाका. तो 'मी बरा आहे' म्हणाला तरी. त्याला एकटं घरी पाठवू नका, सायकल चालवू देऊ नका, घरच्यांना फोन करा आणि डॉक्टरांना दाखवा. उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, न उतरणारी झोप यांपैकी काही दिसलं, तर थेट रुग्णालय गाठा. तडा गेलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका. आणि हा निर्णय त्या मुलावर सोपवू नका. तो प्रशिक्षकानं, कर्णधारानं किंवा आईवडिलांनी घ्यायचा आहे. बारा वर्षांच्या पोराला बाहेर बसायचं नसतंच. त्याला हात धरून बाहेर आणणं हे मोठ्यांचं काम आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)