कुणीच पुरती न पाहिलेली शर्यत

अमेरिकेतील इंडियाना राज्याची राजधानी जे इंडियानापोलिस शहर, त्याच्या पश्चिम शिवेला लागून ‘स्पीडवे’ नावाचे एक लहानसे गाव आहे, आणि त्या गावात १९०९ साली बांधलेल्या अडीच मैलांच्या, चार वळणांच्या मार्गावर दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस ३३ मोटारी २०० फेऱ्या मारून ५०० मैलांचे अंतर कापतात. पहिली शर्यत १९११ साली झाली. दोन महायुद्धांनी ती सहा वर्षे बंद पाडली. २०२० साली महामारीमुळे ती ऑगस्टात, रिकाम्या बैठकांसमोर भरली. एरवी सालाबादचा शिरस्ता कधी मोडला नाही. कायमच्या बैठकाच सुमारे अडीच लाख असलेल्या या स्थळासंबंधी नवख्या माणसाला ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, एवढ्या प्रचंड जनसमुदायापैकी कुणालाही शर्यत पुरती दिसत नाही.

याचे कारण भूमितीत आहे. मार्गाच्या पोटात वृक्षराजी आहे, संग्रहालय आहे, गोल्फच्या मैदानाचा काही भागसुद्धा आहे. त्यामुळे सरळ पट्ट्यासमोर बसलेल्या प्रेक्षकाला मोटारी डावीकडून उगवून उजवीकडे मावळताना तेवढ्या दिसतात, आणि ताशी ३५० किलोमीटरहून अधिक वेगाने जाणाऱ्या मोटारीवरचा आकडा वाचायचा म्हणजे डोळ्यांना काही वर्षांची तालीम लागते. तिच्या पुढच्या आगमनापर्यंत चाळीसेक सेकंद काय ते हाती उरतात. म्हणून ‘जागा कोणती चांगली’ हा तेथील शौकिनांचा अक्षय वादविषय आहे. पहिल्या वळणावरच्या उंच सज्ज्यातले लोक म्हणतात की, शूर कोण नि भित्रा कोण याचा निवाडा तेथेच होतो. मोटारींची चाके बदलण्याच्या नि इंधन भरण्याच्या ठाण्यांसमोर बसणारे म्हणतात की, शर्यत जिंकली-हरली जाते ती तेथे. आणि चौथ्या वळणावरच्यांचे म्हणणे असे की, शेवटच्या फेरीतले खरे नाट्य आमच्याच पुढ्यात घडते. तिघांचेही खरे असते, कारण तिघांनी तीन निरनिराळ्या शर्यती पाहिलेल्या असतात.

जे डोळ्यांना दिसत नाही ते कानांनी भरून काढावे लागते. १९५२ साली या मार्गाच्या मालकांनी स्वतःचे रेडिओजाळे स्थापन केले, आणि सिड कॉलिन्स नामक निवेदकाचा धीरगंभीर आवाज अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत, पुढे लष्करी प्रक्षेपणातून परमुलखातील सैनिकांपर्यंतही जाऊन पोहोचला. प्रत्येक वळणावर एक निवेदक उभा असे, आणि मोटार आपल्या टापूतून बाहेर पडताच तो पुढच्याच्या हाती वर्णनाचे सूत्र देई. १९६४ साली दुसऱ्याच फेरीत एडी सॅक्स व डेव्ह मॅक्डोनल्ड यांच्या मोटारी आगीत सापडल्या आणि शर्यत थांबवावी लागली, तेव्हा सॅक्सच्या मृत्यूची वार्ता सांगताना कॉलिन्सने हाती टिपणाचा कागद नसताना जी श्रद्धांजली वाहिली, तिची प्रत मागणारी हजारो पत्रे त्याच्याकडे आली. पेट्रोल मागे पडून मिथेनॉल आले ते या अपघातानंतर. पण त्या पिढीच्या स्मरणात नियमबदलापेक्षा तो आवाजच अधिक राहिला आहे.

यात आणखी एक गंमत आहे. दूरचित्रवाणीवर शर्यत घरबसल्या दिसू लागली तर तिकीट कोण काढील, या हिशेबी भीतीने मालकांनी १९५०च्या दशकापासून खुद्द इंडियानापोलिस परिसरात थेट चित्रप्रक्षेपणाला मनाई केली. परिणामी १९८६पासून साऱ्या देशाने जी शर्यत थेट पाहिली, ती त्या शहरातल्या घरोघरी मात्र अंगणात मांस भाजता भाजता रेडिओवर ऐकली जाई आणि रात्री उशिरा, निकाल मुखोद्गत झाल्यावर, पाहिली जाई. धंद्याचे हे गणित कंजूषपणाचे होते यात शंका नाही. परंतु त्याने श्रोत्यांची एक अशी परंपरा घडवली की, जिला १९९२ साली अल अन्सर धाकट्याने स्कॉट गुडइयरला ०.०४३ सेकंदाने, म्हणजे इतिहासातील सर्वांत निसटत्या फरकाने, हरवले तो क्षण दृश्यापेक्षा निवेदकाच्या फाटलेल्या स्वरातून अधिक आठवतो.

स्मरणशक्तीलाच येथे हुद्दा मिळाल्याचेही उदाहरण आहे. इंग्लंडातील डोनाल्ड डेव्हिडसन नावाच्या तरुणाने केवळ वाचून वाचून प्रत्येक चालकाची, प्रत्येक वर्षाची कामगिरी पाठ केली होती. १९६४ साली तो समुद्र ओलांडून ही शर्यत पाहावयास आला, त्याची विद्या पाहून थक्क झालेल्या कॉलिन्सने त्याला रेडिओवर बोलते केले, आणि दुसऱ्या वर्षी तो जो कायमचा आला तो पुढे या मार्गाचा अधिकृत इतिहासकारच झाला. मे महिन्यातल्या त्याच्या रेडिओ-कार्यक्रमात सामान्य श्रोते दूरध्वनी करून विचारीत की, माझ्या आजोबांच्या आवडीचा अमुक चालक अमक्या साली कितवा आला, आणि दप्तर न उघडता तो सांगे. २०२० अखेर तो निवृत्त झाला. शौकिनाने शौकिनांसाठी केलेली इतिहाससेवा याहून मोठी मी तरी दुसऱ्या कुठल्या खेळात ऐकलेली नाही.

दप्तराची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, खटल्यांची तर येथे ददात नाही. पहिल्याच शर्यतीत रे हारूनला ताशी सरासरी ७४.६ मैल वेगाने विजयी घोषित केले गेले. पण गोंधळात फेऱ्यांची मोजदाद चुकली आणि खरा विजेता राल्फ मलफोर्ड होता, असे मानणारा पक्ष आज शंभरहून अधिक वर्षांनीही हयात आहे. १९८१ साली बॉबी अन्सर प्रथम आला. दुसऱ्या दिवशी सकाळी, ओलांडण्यास मनाई करणारे पिवळे निशाण असताना त्याने ठाण्यातून बाहेर पडताना गैरवाजवीपणे गाड्या ओलांडल्या म्हणून एका फेरीची शिक्षा होऊन विजय मारिओ आंद्रेत्तीला दिला गेला. आणि ऑक्टोबरात अपिलाच्या निवाड्याने त्या शिक्षेऐवजी ४०,००० डॉलर दंड ठोठावून तो पुन्हा अन्सरला बहाल झाला. २००२ साली शेवटून दुसऱ्या फेरीत पॉल ट्रेसीने एलिओ कास्त्रोनेव्हेसला ओलांडले ते पिवळे दिवे लागण्यापूर्वी की नंतर, यावर फिर्याद झाली आणि ती फेटाळली गेली. अधिकृत निकाल कास्त्रोनेव्हेसच्या बाजूचा. तथापि तो विषय काढताच दोन जुन्या मित्रांची जेवणे अर्धी राहतात.

मात्र या लोकांच्या प्रेमाचा मोठा वाटा विजेत्यांकडे जातच नाही. फॉइट, थोरला अल अन्सर, रिक मिअर्स आणि कास्त्रोनेव्हेस यांनी प्रत्येकी चारदा विजय मिळवला. त्यांना मान आहे. माया आहे ती दुसऱ्यांवर. ‘नोव्ही’ नावाचे एक इंजिन १९४१पासून पाव शतक येथे अधूनमधून येत राहिले, एकदाही जिंकले नाही, त्याच्या काही चालकांना त्याने प्राणास मुकवले. परंतु त्याची ती छातीत घुसणारी किंकाळी ऐकलेले वृद्ध आजही विजयी मोटारींची नावे विसरून तिचे वर्णन करू लागतात. याउलट १९६७ साली पार्नेली जोन्सची झोतयंत्रावर चालणारी केशरी-लाल मोटार नुसती सुस्कारत, जवळजवळ निःशब्द, सर्वांच्या पुढे धावत होती. पारंपरिक इंजिनाच्या भक्तांना हा अधर्म वाटत होता. १७१ फेऱ्यांत ती आघाडीवर राहिली आणि तीनच फेऱ्या उरल्या असता गतिपेटीतील एक क्षुद्र बेअरिंग निकामी होऊन ती थांबली. फॉइट जिंकला. तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकणारेच पुढे हळहळू लागले, हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे.

आंद्रेत्ती कुटुंबाची तर निराळीच कैफियत. मारिओने १९६९ साली विजय मिळवला. त्यानंतर तो, त्याचे पुत्र, पुतण्या, नातू असे अनेकजण येत राहिले, आघाडीवर राहिले, आणि त्या आडनावाला दुसरा विजय लाभला नाही. २००६ साली नातू मार्को अंतिम रेषेपासून काही हात अंतरावर मागे पडला. पण हृदयद्रावकपणात २०११ची तोड नाही. पहिल्या शर्यतीला शंभर वर्षे झाली त्या साली जे. आर. हिल्डेब्रँड हा नवखा तरुण शेवटच्या वळणावर सर्वांच्या पुढे होता. समोर एक मंद मोटार आली, तिला बाहेरून ओलांडताना घासलेल्या टायरांच्या रबराचा भुगा जेथे साचतो त्या कडेला त्याची चाके गेली, पकड सुटली, मोटार भिंतीवर आदळली, आणि मोडक्या उजव्या चाकांनिशी भिंतीला घासत घासत ती रेषेकडे सरकत असतानाच डॅन व्हेल्डन बाजूने निघून गेला. हिल्डेब्रँड दुसरा आला. व्हेल्डन त्याच वर्षी ऑक्टोबरात लास व्हेगासच्या शर्यतीत मरण पावला, त्यामुळे हा प्रसंग सांगणाऱ्याला दोघांपैकी कुणाविषयी दुःख करावे तेच उमजत नाही.

रूढीच्या बाबतीत हे प्रेक्षक किती कर्मठ आहेत याचा अनुभव एमर्सन फिटिपाल्डीने घेतला. १९३६ साली लुई मायर विजयानंतर ताक प्यायला, तेव्हापासून, मध्ये काही वर्षांचा खंड वगळता, विजेत्याने दूध पिण्याची चाल पडली. १९९३ साली ब्राझीलच्या या थोर चालकाने, स्वदेशी आपल्या संत्र्यांच्या बागा असल्याने, दुधाऐवजी प्रथम संत्र्याचा रस ओठाला लावला. नंतर त्याने दूधही घेतले, पण व्हायचा तो अनर्थ होऊन गेला होता. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, आणि पंधरा वर्षांनी, २००८ साली, तो प्रारंभीची पथदर्शक मोटार चालवावयास आला तेव्हाही काहींनी जुने उट्टे काढलेच.

मराठी वाचकाला या कथेत एक ओळखीचा धागा सापडेल. इंडियानापोलिसच्या दक्षिणेस कोलंबस नावाच्या गावी कमिन्स ही डिझेल इंजिनांची कंपनी आहे. तिच्याशी भागीदारी करून १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर-कमिन्स उभी राहिली, आणि कोथरूडचा तो कारखाना ही एका पिढीच्या मध्यमवर्गीय पुणेकरांची कर्मभूमी ठरली. या कमिन्सने १९३१ साली डिझेलची मोटार येथे उतरवली; डेव्ह इव्हान्सने ती ५०० मैल एकदाही न थांबता चालवून तेरावा क्रमांक मिळवला. १९५२ साली फ्रेडी अगाबाशियनने तर टर्बोचार्जर लावलेली डिझेल मोटार पात्रता-फेऱ्यांत सर्वांत वेगाने पळवून अग्रस्थान पटकावले. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र वाटेवरचा रबराचा कचरा टर्बोच्या हवेच्या तोंडाशी साचला आणि ७१ फेऱ्यांनंतर तिला बाहेर पडावे लागले. कोथरूडच्या फाटकातून सायकली आत नेणाऱ्यांपैकी किती जणांना आपल्या इंजिनाचा हा पूर्वज ठाऊक होता, कोण जाणे.

‘आता पूर्वीचे राहिले नाही’ ही तक्रार तेथे प्रत्येक पिढीने केली आहे. १९६०च्या दशकात इंजिन चालकाच्या पाठीमागे गेले तेव्हा ती झाली. पहिल्या वळणाच्या आतील ‘स्नेक पिट’ नावाच्या चिखलमय, मद्यधुंद टापूला शिस्त लावली गेली तेव्हाही झाली. १९९६ची फूट मात्र नुसत्या कुरकुरीची बाब नव्हती. मार्गाचे प्रमुख टोनी जॉर्ज यांनी स्वतंत्र संघटना काढून ३३पैकी २५ जागा तिच्या सदस्यांना राखून ठेवल्या, प्रस्थापित संघांनी त्याच दिवशी मिशिगनमध्ये वेगळी शर्यत भरवली, आणि २००८ साली समेट होईपर्यंत जे प्रेक्षक गमावले ते सगळे परतले नाहीत. माझ्या मते दोन्ही पक्ष दोषी होते, पण घर ज्याचे त्याची जबाबदारी अधिक. त्याच १९९६ साली आरी लायेंडाइकने पात्रतेत ताशी २३६.९८६ मैलांचा उच्चांक केला. तो अद्याप अबाधित आहे, म्हणजे टॉम कार्नेगी या ध्वनिक्षेपकावरील निवेदकाने नव्या उच्चांकाची लांबलचक सुरात ललकारी द्यावी, तिची वाट पाहत एक अख्खी पिढी प्रौढ झाली.

तरीही जागा कुणी सोडत नाहीत. तिकिटाचे नूतनीकरण दर वर्षी करता येते, म्हणून एकाच रांगेतील त्याच खुर्च्या बाप-लेक-नातू असे मिरासी हक्काने राखून असतात, आणि शेजारच्या खुर्चीवरील कुटुंबाशी वर्षातून एकदाच होणारी ओळख तीस-तीस वर्षे चालते. अधिक चांगली जागा हवी असेल तर अर्ज करावा, वरच्या रांगेतले कुणी हक्क सोडील तोवर थांबावे, आणि तोपर्यंत आपल्या वाट्याच्या त्या शे-दोनशे यार्डांवर नजर ठेवून कानाला रेडिओ लावावा. २०१६च्या शंभराव्या शर्यतीप्रमाणे २०२५ सालीही राखीव बैठका संपूर्ण विकल्या गेल्या, आणि शहरातील चित्रप्रक्षेपणाची मनाई त्या दिवसापुरती उठवण्यात आली.