घरच्या कुंडीतील अळीव
वाहत्या थंड पाण्यात वाढणारी वॉटरक्रेस ही तिखट पालेभाजी जालना जिल्ह्याच्या कोरड्या हवेत घरी टिकवणे कठीण असले, तरी तिच्याच मोहरीच्या कुळातील अळीव, ज्याचे लाडू बाळंतिणीला देतात, हिवाळ्यात पसरट कुंडीत सहज उगवतो. भिजताच बियांभोवती श्लेष्मल, म्हणजे बुळबुळीत थर तयार होऊन त्या एकमेकींना चिकटतात. म्हणून त्या कोरड्याच ओलसर मातीवर विरळ पसराव्यात आणि पाणी केवळ शिंपडावे. बोटभर वाढलेली कोवळी रोपे कात्रीने कापून कोशिंबिरीत घालावीत. महिको कंपनीच्या १९६४ मधील स्थापनेनंतर बियाणे-उद्योगाचे केंद्र बनलेल्या जालन्यात बियाण्यांची दुकाने पुष्कळ आहेत, परंतु बुरशीनाशक चोळलेले रंगीत बियाणे यासाठी मुळीच वापरू नये. किराणा दुकानातील खाण्याचा अळीवच घ्यावा.