किलोतून घनफुटात

पावसाळ्यात सोसायटीतलं झाड पडलं की पहिला फोन लाकूडवाल्याला जातो. तो बुंध्याभोवती एक चक्कर मारतो आणि वजन सांगतो : दोन टन, फार तर अडीच. दुपारपर्यंत खोडाचे दीड-दीड फुटांचे तुकडे पडलेले असतात, कारण दोन माणसांना तेवढेच उचलून टेम्पोत टाकता येतात. झाड तोडण्याची लांबी अशी टेम्पो ठरवतो. दीड फुटाच्या तुकड्यातून दार, टेबल, बाक काहीच निघत नाही. तो भट्टीत जातो नाहीतर स्मशानात.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या आवारातला पर्जन्यवृक्ष कोसळला, तेव्हाही हेच झालं असतं. फांद्या छाटून झाल्या होत्या, करवत खोडाला लागणार होती, तेवढ्यात शेजारच्या इमारतीतले निवृत्त सुतारकाका लेंग्यावरच खाली आले. “अरे, खोड आठ फुटांचं ठेवा. त्याच्या खाली जाऊ नका,” म्हणाले. न्यायचं कसं, हा प्रश्न होता. काकांनी क्रेन बोलावली, भाड्याची वर्गणी आम्ही काढली आणि ओंडका गावाबाहेरच्या एका सॉ मिलमध्ये गेला. मीही मागोमाग गेलो.

महाराष्ट्रात सॉ मिल म्हटलं की मालक बहुधा कच्छी पटेल. या मिलचे मालकही तेच. बोली मराठी, हिशोबाची वही गुजराती. त्यांनी ओंडक्याच्या मध्यावर टेप गुंडाळला. घेर आठ फूट. “चौथा भाग दोन. दोन दुणे चार, गुणिले आठ. बत्तीस घनफूट.” कागद-पेन्सिल लागली नाही. घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग करून लांबीने गुणायचं, ही गोल लाकूड मोजण्याची जुनी रीत. एडवर्ड हॉपस या इंग्रजाने १७३६ मध्ये तिची कोष्टकं छापली, म्हणून तिला हॉपसचं माप म्हणतात. शाळेतल्या सूत्राने त्याच ओंडक्याचं आकारमान जवळजवळ ४१ घनफूट भरतं. मधले नऊ घनफूट कुणी खाल्ले, असं विचारल्यावर पटेलकाका हसले. साल, सालपटं आणि भुसा यांत जाणाऱ्या लाकडाची ही आगाऊ सूट. प्रत्यक्षात त्याहून जास्तच जातं. वेड्यावाकड्या खोडातून निम्मी चांगली फळी निघाली तरी पुष्कळ.

पुढचा प्रश्न त्यांनी झाडाबद्दल विचारला. “साहेब, खिळे किती खाल्लेत याने?”

जंगलातल्या सागाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. रस्त्याकडेच्या झाडाच्या अंगावर मात्र क्लासच्या पाट्या, भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती, कपड्यांच्या दोरीचे हूक आणि दिवाळीच्या माळांच्या तारा असतात. झाड दरवर्षी बाहेरून एक वळं चढवतं, त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचा खिळा बोटभर आत गेलेला असतो. वरून त्याचा मागमूसही नसतो, पण बँडसॉचं पातं त्यावर आदळलं की दात उडतात, कधी पातंच तुटतं. म्हणून अनेक गिरण्या शहरातलं झाड घ्यायलाच राजी नसतात. इथल्या मिस्त्रीने मेटल डिटेक्टर फिरवला. आमच्या ओंडक्यातून सात खिळे आणि हातभर तार निघाली. मिस्त्री ओंडक्याची कापलेली टोकं न्याहाळत होता. जिथे काळा-निळा डाग दिसे, तिथे तो थांबे. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग धरतो. हिरडा आणि हिराकस यांतून काळा रंग काढतात, तीच ही क्रिया. खिळा झाडात बसून वर्षानुवर्षं शाई बनवत असतो. पुण्यात ‘अंघोळीची गोळी’ या गटाने झाडं खिळेमुक्त करण्याची मोहीम चालवली, ती जिवंत झाडांसाठी. तिचा फायदा पुढे कधीतरी आराही घेईल.

ट्रॉली सरकली. पहिलं सालपट गळून पडलं आणि आत कडेला पिवळसर पांढरा पट्टा, मध्ये गडद तपकिरी गाभा, त्यात चॉकलेटी-सोनेरी रेषा दिसल्या. पर्जन्यवृक्षाला आपल्याकडे इमारती लाकडाचा मान नाही. हे झाड मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, इथे सावलीसाठी आणलेलं. याच झाडाला हवाईत मंकीपॉड म्हणतात. त्याचे कोरीव वाडगे तिथली ओळख आहेत. उत्तर थायलंडमध्ये त्याच्यावर नक्षीकाम चालतं. सुकताना ते फारसं आकसत नाही, म्हणून ओलं असतानाही कोरता येतं. तिकडे जे कपाटात मांडतात, ते आपण भट्टीत घालतो.

सगळीच झाडं अशी नशीबवान नसतात. गुलमोहराचं लाकूड मऊ. त्यात कीड लवकर शिरते. फणसाचा पिवळाधमक गाभा कोकणातल्या घरांच्या दारांत पिढ्यान्‌पिढ्या टिकलाय. जांभूळ पाण्यात लवकर कुजत नाही. चिंचेच्या चिवट ओंडक्यावर खाटकाचा सुरा वर्षानुवर्षं पडतो. आंबा चांगला, पण त्याला वेळ नसतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि रायगडातल्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. आंब्याचं ओलं खोड पावसात पडून राहिलं की काही आठवड्यांत निळं-काळं पडतं, मग भुंगा लागतो. पडलेलं झाड फार काळ वाट पाहत नाही.

मग जागोजागी गिरण्या का नाहीत? त्याला कारण जंगलचोरी. चोरलेला साग एकदा चिरला की त्याची ओळख पुसते. म्हणून गिरणीच्या आत-बाहेर जाणाऱ्या मालाची नोंद ठेवावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने जंगलांविषयीच्या गोदावर्मन खटल्यात २९ ऑक्टोबर २००२ रोजी आदेश दिला, की केंद्रीय उच्चाधिकार समितीच्या परवानगीशिवाय कोणत्याही राज्याने नवी सॉ मिल उघडू देऊ नये. जंगल वाचवण्यासाठी ते गरजेचंच होतं. शहरी झाड मात्र या चौकटीत कुठेच बसलं नाही. १९७५ चा राज्याचा वृक्ष कायदा झाड तोडावं की नाही, हे सांगतो. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष मानलं. अशा झाडाचं वय मोजायला आता नियम आहे, पण पडल्यावर त्याची लांबी किती ठेवायची, हे अजूनही टेम्पोच ठरवतो.

मिस्त्रीने दोन इंची फळ्या काढल्या आणि ऐन मधला भाग बाजूला ठेवला. भेग तिथूनच सुरू होते. लाकूड वळ्यांच्या दिशेने जेवढं आकसतं, तेवढं आरपार आकसत नाही. साधारण दुपटीचा फरक असतो. त्या ओढाताणीत फळी वाकते, पिळवटते, फुटते. म्हणून घाई चालत नाही. सुतारकाकांच्या सांगण्यावरून आम्ही फळ्यांच्या टोकांना ऑइलपेंट फासला, कारण पाणी टोकांतून सर्वांत वेगाने निघतं. मग पार्किंगच्या कोपऱ्यात विटांवर थर रचले, दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवल्या, वर पत्रा टाकला. वार्षिक सभेत त्यावर अर्धा तास वाद झाला. एका स्कूटरची जागा अडली होती.

वाळलं हे कळायचं कसं? काकांनी त्याच लाकडाचा तीन फुटांचा एक तुकडा रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवला. पहिल्या दिवशी नऊ किलो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते वजन करत आणि आकडा खडूने पत्र्यावर लिहीत. दिवाळीला साडेसात, उन्हाळ्यात सहा. पुढच्या पावसात दोनशे ग्रॅम वाढलं, तेव्हा सोसायटीत थोडी घबराट झाली. “हवेतलं पाणी पितंय. उतरेल,” काका म्हणाले.

उतरलं. एप्रिलमध्ये साडेपाच किलो झालं, आणि मे महिन्यातही काटा तिथेच थांबला. काकांनी त्या दिवशी आकडा लिहिला नाही. खडू खिशात टाकला आणि घरून रंधा घेऊन आले.